टायर उतरवा, आत पाहा, मग ठरवा



या पानावर आपण एरवी बोंडअळी, हुमणी, गाभण म्हशीचा खुराक असल्या विषयांवर बोलतो. आज मोटारीच्या टायरविषयी लिहीत आहे. कृषी खात्याच्या माणसाने टायरवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण मेहकर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे आणि त्याचे उत्तर दिवाळीच्या आत मिळावे अशी त्यांची इच्छा आहे. शिवाय आता खेड्यापाड्यांतही अंगणात मोटार उभी दिसते. तेव्हा हा विषय आपल्या शिवाराबाहेरचा राहिलेला नाही.

पत्राचा सारांश असा. त्यांचे चिरंजीव नाशिकला नोकरीला आहेत. त्यांनी भारी, वेगवान गाडी घेतली. टायर रुंद आणि बुटके. पोळ्याला गावी येताना फाट्याजवळ मागचा डावा टायर बसला. अंधार होता, पाऊस होता, गाडीत लहान मुले होती, म्हणून चिरंजीवांनी तशीच दोन किलोमीटर गाडी घरापर्यंत आणली. सकाळी पाहतात तो बैलाच्या पत्रीचा खिळा, कडेपासून दोन बोटे आत रुतलेला. गावातल्या पंक्चरवाल्याने खिळा उपसला, बाहेरूनच रबराची दोरी ठोसून दिली, हवा भरली. गाडी नाशिकला गेली, आजही चालते आहे. मात्र शहरातल्या टायरच्या दुकानदाराने टायर पाहून सांगितले की हा टाकून द्या, बारा हजारांचा नवा घ्या, आणि एक नको, दोन घ्या. यजमानांना हे मुळीच पटलेले नाही. त्यांचे म्हणणे, “मी ट्रॅक्टरचा टायर गेटर टाकून सात वर्षे चालवला. दुकानदार लुटतो आहे.” चिरंजीव म्हणतात, चालते आहे ना, मग चालू द्या. आणि दिवाळीला हीच गाडी दोन नातवंडांना घेऊन रात्री समृद्धी महामार्गाने यायची आहे. “भाऊ, खरे कोणाचे धरू?” असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट खिळ्याची नाही, दोन किलोमीटरची आहे. तिच्याकडे घरात कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. तिच्याकडे मी येतोच. आधी यजमानांच्या ट्रॅक्टरकडे वळू, कारण त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

ट्रॅक्टरचा टायर आणि वेगवान मोटारीचा टायर दोन्ही काळे आणि गोल असतात; साम्य बहुतेक तिथेच संपते. आपल्याकडे ट्रॅक्टरला जे टायर सर्रास असतात, त्यांत दोऱ्यांचे अनेक थर एकमेकांवर तिरपे टाकलेले असतात, बाजेची वीण असावी तसे. तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या धसकटाने त्याची बाजू चिरली तरी शेजारचे थर भार धरून ठेवतात. शेतात त्यात हवा असते बारा-पंधरा पौंड आणि वेग बैलाच्या चालीपेक्षा थोडाच जास्त. त्यामुळे आतून गेटर टाकून, वरून व्हल्कनायझिंग करून असा टायर वर्षानुवर्षे चालू शकतो. यजमानांनी चालवला यात नवल नाही, आणि पैसे वाचवले हेही बरेच केले.

मोटारीचा टायर रेडियल असतो. त्यातल्या दोऱ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ गेलेल्या असतात, मागावरच्या उभ्या ताण्यासारख्या. जमिनीला टेकतो त्या नक्षीच्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. पण कुशीला, म्हणजे गॅरेजवाले ज्याला साइडवॉल म्हणतात तिथे, पोलाद नसते. तिथे दोऱ्यांचा एखाददुसरा थर आणि रबर, एवढाच काय तो आधार. चाक फिरताना ही कूस दर फेऱ्याला दबते आणि पुन्हा ताठ होते. ताण्याचे चार धागे तुटले तर कापडाला भोक पडते, मग ठिगळ लावा की लावू नका. म्हणून मोटारीच्या टायरच्या कुशीला भोक पडले तर ते कितीही लहान असो, दुरुस्तीचा विचारही करू नये. तो टायर बाद. नक्षी आणि कूस जिथे मिळतात त्या खांद्यावरचे भोकही बादच धरावे, कारण तोही भाग सतत वाकतो.

आता वेगाचा हिशेब पाहा. तेरा-सहा अठ्ठावीसचा ट्रॅक्टरचा मागचा टायर एका फेऱ्यात सुमारे चार मीटर जातो. रस्त्याने ताशी वीस किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर निघाला तर हे चाक मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे घेते. तुमच्या चिरंजीवांच्या गाडीसारखा, समजा २१५/५५ आर १७ या मापाचा टायर घेतला, तर तो एका फेऱ्यात जेमतेम दोन मीटर जातो. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाने हे चाक मिनिटाला साडेनऊशे फेरे घेते, म्हणजे कूस मिनिटाला साडेनऊशे वेळा दबते आणि उठते. रबर असे मळले गेले की तापते. गावच्या रस्त्यावर खड्डे, वळणे, म्हशी आडव्या येतात, गाडी थांबते, टायर निवतो. महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी पळते आणि टायरला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. गावात महिनाभर निमूट चाललेला टायर तिथे तासाभरात फुटू शकतो तो यामुळे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी घासलेल्या टायरच्या गाड्या महामार्गाच्या तोंडाशीच अडवून परत पाठवण्याची मोहीम परिवहन खात्याला घ्यावी लागली. तेव्हा लोकांनी कुरकुर केली. मला ती मोहीम योग्य वाटली होती.

टायरच्या मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, ते मुद्दाम वाचावे. ९४ व्ही असे असेल तर ९४ म्हणजे त्या एका टायरने ६७० किलोपर्यंत भार घ्यावा, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी तो बनवला आहे. एच असेल तर २१०, टी असेल तर १९०. आपल्याकडे एवढ्या वेगाने जायला परवानगीही नाही आणि जाऊही नये. पण नवा टायर घेताना गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या अक्षराहून खालचे अक्षर आणि कमी आकडा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. दुरुस्तीशीही या अक्षराचा संबंध आहे. वरच्या वेगाच्या टायरला एकदा पंक्चर काढल्यावर मूळच्या वेगाची हमी राहात नाही, असे काही कंपन्या स्पष्ट सांगतात. काही कंपन्या रीतसर दुरुस्ती मान्य करतात. गाडीबरोबर जे पुस्तक मिळते, जे आपण प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी काढत नाही, ते एकदा काढून पाहावे.

म्हणजे दुकानदाराचे खरे म्हणायचे का? तेही सरसकट नाही. नक्षीच्या मधल्या भागात, म्हणजे रुंदीचा दोन्हीकडचा आठवा-आठवा हिस्सा सोडून उरलेल्या भागात, सहा मिलिमीटरपर्यंतचे सरळ भोक असेल, तर वेगवान गाडीचा टायरसुद्धा चांगला दुरुस्त होतो. सहा मिलिमीटर म्हणजे साध्या पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडे कमी. पत्रीचा खिळा त्याहून पुष्कळ बारीक. कडेपासून दोन बोटे म्हणजे साधारण सव्वा इंच तरी आत, तेव्हा रुंद टायरमध्ये हे भोक त्या मधल्या भागात बसते. नुसत्या भोकाचा विचार केला तर तुमचा टायर वाचण्यासारखा आहे.

पण ते दोन किलोमीटर. हवा नसलेला टायर चालतो तेव्हा गाडीचा सगळा भार कुशीवर येतो. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ती चिमट्यात धरल्यासारखी मुरडत जाते. आतले रबर घासून त्याचा भुसा होतो, दोऱ्या तापून कमजोर होतात. आणि हवा भरली की टायर बाहेरून पहिल्यासारखा टुमटुमीत. वरून कीर्तन, आतून तमाशा. बुटक्या टायरला तर हे फार लवकर होते, कारण त्याची कूसच मुळी चार-साडेचार इंचांची. हवा गेल्याबरोबर रिम तिच्यावर बसते.

उसाच्या खोडकिडीचे उदाहरण तुम्हाला लगेच पटेल. कांडीवर टाचणीएवढे छिद्र दिसते. तेवढे पाहून कोणी म्हणाले की बेण्याला चालेल, तर तुम्ही ऐकाल का? कांडी उभी चिरून पाहाल. टायरचेही तेच. गावातल्या पंक्चरवाल्याने आणि शहरातल्या दुकानदाराने, दोघांनीही टायर रिमवरून उतरवला नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. एकाने न पाहता पास केला, दुसऱ्याने न पाहता नापास केला. माझ्या मते दोघांचाही निकाल धरू नये.

तर चिरंजीवांना असे सांगा. ज्या गॅरेजात टायर उतरवायचे आणि बॅलन्सिंगचे मशीन आहे तिथे गाडी न्यावी आणि टायर रिमवरून उतरवून घ्यावा. समोर उभे राहावे. आत हात फिरवावा. तारेची टोके लागू शकतात म्हणून जपून. काळा भुसा हाताला लागला, कुशीच्या आतल्या बाजूला गोल कडे उमटलेले दिसले, रबर सुरकुतले असेल किंवा दोऱ्या उघड्या दिसत असतील, तर पुढे बोलायचे कारण नाही. नवा टायर घ्यावा. बाहेरून कुशीवर फुगवटा असेल, लिंबाएवढा का होईना, तरी तोच निर्णय. आत सगळे गुळगुळीत आणि एकसारखे असेल तर मात्र दुरुस्ती करून घ्यावी, आणि बारा हजार घरातच ठेवावेत.

दुरुस्ती कोणती, हेही सांगतो. बाहेरून ठोसलेली दोरी ही रस्त्यावरची सोय आहे. ती वाईट नाही, रात्री-अपरात्री घरी पोचवते. पण तिच्यावर महिनोन्‌महिने विसंबायचे नसते. दोरी सैल पडली की हवा हळूहळू जाते, आणि भोकातून पाणी शिरून आतल्या पोलादी तारांना गंज धरतो. नुसते आतून ठिगळ लावले तरी बाहेरचे भोक उघडेच राहते, तिथून पाणी जायचे ते जातेच. खरी दुरुस्ती दोन्ही मिळून होते: आतून बसणारे, देठ असलेले ठिगळ. गॅरेजात याला मशरूम म्हणतात, आणि दिसतेही ते अळंबीसारखेच. आतली जागा घासून स्वच्छ करायची, सोल्युशन लावून सुकू द्यायचे, देठ आतून बाहेर ओढून भोक बुजवायचे, छत्री आतून घट्ट दाबून बसवायची. मग टायर चढवून बॅलन्सिंग करायचे. खिळा तिरपा घुसला असेल तर आतले भोक बाहेरच्यापेक्षा लांबट झालेले असते, तेही उतरवल्यावरच दिसते. पूर्वीची दुरुस्ती असेल तर तिला खेटून दुसरी करू नये.

दोरी घालताना भोक किसून मोठे केले जाते, म्हणून दोरी काढल्यावर भोक किती उरले आहे ते मोजून घ्या. सहा मिलिमीटरच्या वर गेले असेल तर तिथे आग्रह धरू नये. आणि पंक्चरसाठी बाटलीतले औषध टायरमध्ये कधी सोडले असेल तर मिस्त्रीला आधी सांगावे. आत सगळीकडे चिकटा झालेला असतो, तो पुसल्याशिवाय ठिगळ धरत नाही.

एक प्रश्न उरतो तो पैशांचा. टायर आतून चांगला आहे, पण नक्षी किती उरली आहे? नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने मोटारीला १.६ मिलिमीटरची किमान मर्यादा आहे, आणि तेवढी खूण दाखवणाऱ्या बारीक आडव्या पट्ट्या नक्षीच्या खाचांमध्येच असतात. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी खाचेत उभी धरली तरी अंदाज येतो. नक्षी तीन मिलिमीटरवर आली असेल तर त्या टायरवर खर्च करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पावसाळ्यात तो बदलावाच लागणार. पाच-सहा मिलिमीटर उरली असेल तर दुरुस्ती नक्की परवडते. टायरचे वयही पाहावे. कुशीवर चौकटीत चार आकडे असतात: २३२१ असे असेल तर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो बनला. दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर बदला, असे अनेक कंपन्या सांगतात. आपल्याकडच्या उन्हात गाडी उघड्यावर उभी राहात असेल तर मी तेवढेही थांबणार नाही.

दुकानदार दोन टायर घ्या म्हणाला, त्यात निदान अर्धे तथ्य आहे. एका बाजूला नवाकोरा आणि दुसऱ्या बाजूला अर्धा झिजलेला टायर असेल तर दोहोंचा घेर वेगळा होतो, ओल्या रस्त्यावर पकड वेगळी होते. दुसऱ्या बाजूचा टायर जवळजवळ नवा असेल तर एकावर भागते. नाही तर जोडी घ्यावी आणि गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी नवी जोडी मागे बसवावी. पावसात मागची चाके घसरली तर गाडी सावरणे फार कठीण. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर घेरातला फरक मुळीच चालत नाही. फोर-व्हील ट्रॅक्टरला पुढे-मागे भलत्याच मापाचे टायर टाकले की काय होते, हे यजमानांना विचारा. ते मुलाला माझ्यापेक्षा चांगले समजावतील.

जाता जाता स्टेपनीविषयी. पुष्कळ नव्या गाड्यांत स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ती लावून समृद्धीवर शेवटपर्यंत जाऊ नये. काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. चिरंजीवांनी डिकीतले पांघरूण उचलून आपल्या गाडीत काय आहे ते निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, आणि दाराच्या चौकटीवर जेवढे पौंड लिहिले असतील तेवढी भरावी. माणसे आणि दिवाळीचे सामान भरून गाडी येणार असेल तर पूर्ण भाराचा जो आकडा असतो तो धरावा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असा एक समज आहे, तो उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त मुरडतो आणि जास्त तापतो. नायट्रोजन भरावा का, असेही पुष्कळ जण विचारतात. साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच. भरला तर बिघडत नाही, पण दाब पाहायचे चुकवून नायट्रोजनवर पैसे घालू नयेत.

ताई, तुम्ही शेवटी विचारले आहे की टायर बाद झालाच तर आपल्या ट्रॉलीला किंवा टायरगाडीला वापरता येईल का. ट्रॉलीला नको, रिमचे माप जुळत नाही आणि टनावारी ऊस त्या कुशीवर लादणे धोक्याचे. टायरगाडीलाही तो नको, कारण आपण त्याला बाद केले ते आतल्या दोऱ्या तुटल्या म्हणून. नवा टायर घेताना जुना दुकानदाराकडेच द्यावा आणि किंमत घासून घ्यावी. गोठ्यामागे टाकून ठेवला तर त्यात पावसाचे पाणी साचते, आणि डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. ठेवायचाच असेल तर त्याला खालून चार भोके पाडा. आणि थंडीत द्राक्षबागेत धूर करण्यासाठी टायर जाळण्याची जी रीत काही भागांत आहे, ती सोडा. त्या धुराने बागेपेक्षा घरातल्या माणसांची छाती आधी बिघडते. ओला पालापाचोळा तेच काम करतो.

निकाल काय लागला ते जरूर कळवा. गॅरेजवाला टायर उतरवायला कुरकुर करू लागला तर चिरंजीवांनी दुसरे गॅरेज पाहावे. नाशिकमध्ये त्यांना तोटा नाही.